घोडा, राणी आणि बिअर बारची भिंत

मुंबईच्या फोर्ट भागात ‘काळा घोडा’ नावाचा चौक आहे. १९६५ ते २०१७ अशी ५२ वर्षे त्या चौकात घोडा नव्हता. लोकांच्या तोंडचे नाव मात्र बदलले नाही. वस्तू गेली तरी नाव का राहावे, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने किरकोळ मानू नये. त्याच्या उत्तरासाठी मी एक अख्खा दिवस शहरातील संग्रहालये, पुतळे आणि (गुरुजनांनी भुवया उंचावू नयेत) एक बिअर बार पाहण्यात घालविला.

सुरुवात भायखळ्यापासून केली, कारण मूळ घोडा आज तेथे, राणीच्या बागेत आहे. त्यावर बसले आहेत सातवे एडवर्ड. युवराज असताना १८७५-७६ मध्ये त्यांनी हिंदुस्थानचा दौरा केला. त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी बोहम या शिल्पकाराकडून हा पुतळा करवून घेतला आणि १८७९ मध्ये तो चौकात उभा राहिला. ब्राँझचा तो काळाभोर आकार पाहताना माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. ज्यांनी पुतळा उभारला त्यांना युवराज दाखवावयाचा होता. रस्त्यावरच्या माणसाने त्याकडे लक्षच दिले नाही, घोडा तेवढा आपला म्हटला. मग स्वार हलविला म्हणून नाव कशाला हलेल?

शेजारच्याच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत १८७२ सालची. आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा उचलताना तो पडून फुटला. १९१४ मध्ये तुकडे जोडून पुन्हा उभा केला. मला मात्र व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यापाशी जास्त वेळ थांबावेसे वाटले. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून झालेला हा पुतळा पूर्वी फोर्टात भर रस्त्यावर होता. १८९६ मध्ये दामोदर चाफेकरांनी रात्री त्याला डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. पुढच्याच वर्षी रँडचा वध झाला. आता राणी बागेत आहे आणि तिच्याकडे कोणी रागाने पाहत नाही. चौकातला पुतळा हुकूम करतो, म्हणून त्याला डांबर लागते. संग्रहालयाच्या आवारात तोच पुतळा नुसता नमुना होतो. पुतळे फोडण्यापेक्षा हे बरे, असे माझे मत आहे. पण डांबराची हकीकत सांगितल्याशिवाय हा नमुना विद्यार्थ्यांना दाखवू नये.

भायखळ्याहून लोकलने व्ही. टी. (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) गाठले आणि चालत काळा घोडा चौकात आलो. २०१७ पासून येथे नवा घोडा आहे. त्याच्या पाठीवर कोणीच नाही! लोकांनी शतकापूर्वी मनोमन केलेली दुरुस्तीच जणू शिल्पकाराने धातूत उतरविली. समोरच्या वस्तुसंग्रहालयाची गोष्ट नेमकी उलटी. १९०५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सनी कोनशिला बसविली, विटेटने आराखडा केला, १९२२ मध्ये ते लोकांना खुले झाले आणि १९९८ मध्ये त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. येथे वास्तू तीच राहून नाव बदलले. आतील संग्रहाबद्दल येथे लिहीत नाही; त्याला दोन तास अपुरे आहेत.

पुढे जहांगीर कलादालनाबाहेर चित्रकार पदपथावरच चित्रे मांडून बसले होते. आतल्यापेक्षा तेथे गर्दी मोकळी वाटली. किंमत विचारायला कोणी लाजत नव्हते.

संध्याकाळी रीगल सिनेमाजवळच्या कॅफे माँडेगरमध्ये शिरलो. गोव्याचे मारिओ मिरांडा यांनी येथील भिंती चितारल्या आहेत. एका भिंतीवर मुंबईचे जीवन, दुसरीवर याच कॅफेतील गिऱ्हाइके: टपोरे डोळे, लांब नाके, उसळणारी गर्दी. मी सोडा मागविला. तिकीट नाही, पाटी नाही, ‘हात लावू नये’ नाही. शेजारच्या टेबलावरील एक गृहस्थ बिअरचा मग हातात धरून भिंतीवरच्या एका पोटसुट्या इसमाकडे बोट दाखवीत होते आणि मित्राला म्हणत होते, “हा बघ, तूच!”