‘कठीण’ की ‘टणक’? एका वैद्यकीय अहवालाचे मराठी वाचन

मावशींच्या स्वादुपिंडाचा इंग्रजी अहवाल इंदूरहून बुऱ्हाणपूरला आला. मी मराठीचा शिक्षक, म्हणून घरच्यांसाठी तो मराठीत उतरवण्याचे काम माझ्याकडे आले. त्यात माझी एक चूक झाली. ती अभ्यासकांपुढे ठेवतो.

शाळेत हिंदीतून ‘अग्न्याशय’ शिकवतात आणि मराठीत आपण ‘स्वादुपिंड’ म्हणतो, अवयव एकच. तो जठराच्या मागे खोल असतो. पोटावरून सोनोग्राफी करताना आतड्यांतील वायू आड येतो. म्हणून टोकाला सोनोग्राफीचे छोटे यंत्र बसवलेली दुर्बीण तोंडावाटे जठरात आणि लहान आतड्याच्या आरंभी नेतात. यालाच एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड म्हणतात. तेथून स्वादुपिंड अगदी जवळ असल्याने गाठीबरोबर भोवतालच्या ऊतीही बारकाईने दिसतात.

‘ऊती’ हा शब्द संस्कृतातील विणण्याच्या धातूशी जोडलेला आहे; ‘ओतप्रोत’मध्येही तोच धातू आहे. इंग्रजी ‘टिश्यू’चे मूळही विणण्याच्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात सापडते. आमच्या यंत्रमागांच्या गावात कापड चिमटीत धरून पारखतात. ऊतींच्या या चित्रासाठीही ‘पोत’ हाच शब्द मला नेमका वाटला.

निरोगी स्वादुपिंडाच्या पोताला डॉक्टर ‘मीठ-मिरी’ म्हणतात, कारण त्यात बारीक ठिपके एकसारखे पसरलेले दिसतात. जुनाट दाहात पांढरट रेषा उमटतात आणि नलिकेची कड ठळक होते. कर्करोगाची गाठ बहुधा भोवतालापेक्षा काळसर दिसते. तिने नलिका दाबली, तर शेपटीकडची नलिका फुगते आणि तिकडच्या ऊती झिजू शकतात. इलास्टोग्राफी या जोडतपासणीत ऊती किती दबतात, ते रंगांनी दाखवतात.

तेथेच मी चुकलो. ‘गाठीभोवतालचा भाग कठीण आहे’ असे मी लिहिले. काकांनी ते वाचले आणि म्हणाले, “म्हणजे कठीणच आहे!” मावशी दोन दिवस जेवल्या नाहीत. मला म्हणायचे होते ‘टणक’. कर्करोगात पेशींभोवती तंतुमय ऊती वाढल्याने भाग टणक होतो, पण जुनाट दाहातही तो टणक होतो. एवढ्यावरून निदान ठरत नाही. त्यासाठी दुर्बिणीतूनच सुई घालून नमुना घेतात. भोवती दाह असला की गाठ त्यात लपू शकते. म्हणून नमुन्यात काही सापडले नाही, तरी संशय असल्यास पुन्हा तपासावे लागते.

मावशींच्या नमुन्यात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. माझ्या कागदावरचा ‘कठीण’ मी खोडला. ‘टणक’ लिहून खाली एक वाक्य जोडले : ‘हे ऊतींच्या पोताचे वर्णन आहे, आजाराचा निर्णय नव्हे.’ भाषांतराच्या तासाला मी आता हाच कागद वर्गात वाचायला देतो.