टर्बो इंजिनावर दुसरे हेड बसविताना

मिरज हे रेल्वे जंक्शन म्हणून ओळखले जात असले, तरी येथील बाजार रस्त्यावरही तितकाच चालतो. रत्नागिरीहून कोल्हापूर, मिरजमार्गे सोलापूरकडे जाणारा महामार्ग, कागवाड-अथणीकडची कर्नाटकाची वाट, तासगावची द्राक्षे, सांगलीची हळद आणि कारखान्यांचा ऊस यांमुळे ट्रक-टेम्पोची दुरुस्ती हा या भागातील मोठा धंदा आहे. आपल्यातील अनेक तरुण याच धंद्यावर उभे आहेत.

या तरुणांपुढे एक प्रश्न वारंवार येतो. टर्बो इंजिनाचे हेड तडकलेले असते. नवे हेड महाग पडते. हंगाम चालू असल्याने गाडीमालकाला घाई असते. जुन्या बाजारात एक हेड मिळते, पण ते बिनटर्बोच्या इंजिनाचे असते. भोके जुळतात, बोल्टही बसतात. मग ते लावायला हरकत काय? या लेखात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

नाव सारखे, काम वेगळे

टाटा इंजिनाच्या नावातच त्याचे माप असते. ४९७ म्हणजे ४ सिलिंडर व ९७ मिलिमीटर बोअर. ६९७ म्हणजे ६ सिलिंडर व तोच बोअर. आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या ४०७ टेम्पोत ४९७ एसपी हे बिनटर्बोचे इंजिन आले आणि पुढे टर्बोचे इंजिनही आले. बोअर ९७ व स्ट्रोक १०० मिलिमीटर धरला की एकूण माप २,९५६ सीसी येते. मात्र नावातील आकडा फक्त बोअर सांगतो. त्या हेडने किती दाब व किती उष्णता सोसायची, हे त्यातून कळत नाही. म्हणून हेड घेताना नावावर न जाता त्यावरील ओतीव क्रमांक आणि पार्ट नंबर पाहावा व तो इंजिन नंबराशी ताडून घ्यावा.

जोर कोठे पडतो?

टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरतो आणि सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. जास्त हवा मिळाली की जास्त डिझेल जळते व ताकद वाढते. त्याबरोबर सिलिंडरमधील दाब व उष्णताही वाढते.

हिशेब करून पाहू. ९७ मिलिमीटर बोअरचे क्षेत्रफळ सुमारे ७३.९ चौरस सेंटिमीटर होते. स्फोटाच्या वेळी दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो धरला, तर एकेक सिलिंडर हेडला सुमारे ७.४ टन जोराने वर ढकलतो. टर्बोमुळे तोच दाब १३० किलो झाला असे धरा, जोर ९.६ टनांवर जातो. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण मुद्दा स्पष्ट व्हावा. हे वाढीव दोन टन अखेर हेडबोल्ट, गॅस्केट व हेडचे बीड यांनाच सोसावे लागतात.

मिरजेच्या सपाट रस्त्यावर रिकामी गाडी फिरवून आणली तर हा जोर दिसत नाही. तीच गाडी माल भरून आंबा घाट चढू लागली की दिसतो. म्हणून ‘गाडी सुरू झाली, आवाज चांगला आहे’ एवढ्यावर काम पूर्ण झाले असे समजू नये.

बसविण्यापूर्वी काय तपासावे?

१) भोके : नवे गॅस्केट आधी ब्लॉकवर व मग हेडवर ठेवून पाहावे. पाण्याचे व ऑईलचे प्रत्येक भोक उघडे राहते का, हे बघावे. एखादे पाण्याचे भोक झाकले गेले तर हेड त्याच जागी तापून तडकते.

२) वॉल्व्ह व सीट : टर्बो इंजिनात धुराकडील वॉल्व्ह अधिक तापतात. त्या वॉल्व्हचा व सीटचा धातू टर्बोसाठी दिलेलाच हवा.

३) हेडची जाडी : जुने हेड पूर्वी किती वेळा फेसिंग झाले आहे, हे डोळ्यांना कळत नाही. ते मोजावेच लागते. जास्त घासलेल्या हेडमध्ये वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि नोझलचे टोकही खाली जास्त उतरते. वॉल्व्ह किती आत आहे व नोझल किती बाहेर आहे, ही दोन्ही मापे घेऊन पुस्तकाशी ताडावीत.

४) सपाटी व तडा : सरळ पट्टी व फिलर गेज लावून सपाटी पाहावी. हेडची सर्व तोंडे बंद करून, आत हवेचा दाब देऊन ते गरम पाण्यात बुडवावे. बुडबुडे आले तर ते हेड बाजूला ठेवावे.

५) ज्वलनाची जागा : काही जुन्या डिझेल इंजिनांत डिझेल आधी हेडमधील लहान कप्प्यात पेटते, तर काहींत थेट पिस्टनच्या डोक्यावरील वाटीत. एका प्रकारचे हेड दुसऱ्या प्रकारच्या ब्लॉकवर कधीही लावू नये.

६) मॅनिफोल्ड : दुसऱ्या हेडमुळे टर्बोची जागा बदलत असेल, तर त्याचे ऑईल परत जाण्याची नळी पाहावी. ती मोठी व उताराचीच राहिली पाहिजे. ऑईल तुंबले की टर्बोच्या सीलमधून गळू लागते.

गॅस्केटची जाडी

‘थोडे पातळ गॅस्केट चालेल’ असे पुष्कळदा म्हटले जाते. याचाही हिशेब करू. वरील बोअर-स्ट्रोकमध्ये एका सिलिंडरचे माप ७३९ सीसी येते. कॉम्प्रेशन १७ पट धरले, तर वर उरणारी जागा ४६.२ सीसी होते. गॅस्केट ०.३ मिलिमीटरने पातळ झाले की ही जागा सुमारे २.२ सीसीने घटते आणि कॉम्प्रेशन जवळजवळ १७.८ पट होते. आधीच दाब वाढविणाऱ्या टर्बोच्या इंजिनावर हा आणखी बोजा पडतो. म्हणून पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे मोजावे आणि त्यानुसार पुस्तकात सांगितलेल्या जाडीचेच गॅस्केट घ्यावे.

बोल्ट आवळणे

बोल्टची भोके स्वच्छ व कोरडी करावीत. बंद भोकात ऑईल साचलेले असेल, तर बोल्ट आवळताना ब्लॉक तडकू शकतो. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने व टॉर्क पान्यानेच आवळावेत. ज्या इंजिनात शेवटचा टप्पा अंशात फिरवून आवळायचा असतो, तेथे बोल्ट ताणले जातात. अशा बोल्टची लांबी मोजावी. मर्यादेबाहेर गेलेला बोल्ट पुन्हा वापरू नये. हातच्या अंदाजावर चालणाऱ्या उस्तादांचा अनुभव मोठा असतो. पण टर्बोच्या हेडपुढे अंदाज पुरा पडत नाही.

व्यवहाराची बाजू

गाडीमालकाला दोन्ही हिशेब लेखी द्यावेत. एका बाजूला योग्य हेडचा खर्च आणि दुसऱ्या बाजूला जुन्या हेडची किंमत, तपासणी, फेसिंग, वॉल्व्ह-सीट. त्याखाली हेड पुन्हा उतरावे लागल्यास येणारा खर्चही लिहावा : नवे गॅस्केट, बोल्ट, ऑईल, कूलंट, मजुरी आणि गाडी उभी राहण्याचे दिवस. हे सारे कागदावर दिसले की स्वस्त हेड किती स्वस्त आहे ते मालकाला आपोआप कळते. हेड जुने असेल तर बिलावर ‘जुने’ असेच लिहावे आणि उतरविलेला भाग मालकाला दाखवावा.

कायदाही लक्षात असावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत पंप, नोझल, टर्बो व धूरशुद्धी हे सर्व एकमेकांशी बांधलेले असते. तेथे दुसऱ्या प्रकारच्या हेडचा विचारही करू नये.

थोडक्यात, पार्ट नंबर जुळला व सर्व मापे बसली तर जुने हेडही खुशाल लावावे. एक माप जरी बसले नाही, तर गिऱ्हाईक नाराज झाले तरी नकार द्यावा. गाडी भर हंगामात घाटात बंद पडली, तर मालकाचे भाडे बुडते, माल नासतो आणि गॅरेजचे नाव जाते. नकारामुळे एक काम हातचे जाईल. पण ज्याला खरे कारण सांगून परत पाठविले, ते गिऱ्हाईक पुढच्या कामाला परत येण्याचा संभव अधिक असतो.