पाण्याची वेळ

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
५ डिसेंबर

चि. छोटीस,


परवा फोनवर तू नाताळच्या सुट्टीचा बेत सांगितलास. पुण्याहून कॅराव्हॅन भाड्यानं घ्यायची, तुम्ही चौघं त्यात, मित्रांची दोन कुटुंबं मागून आपापल्या गाड्यांत. आधी तारकर्ली-देवबाग, मग वेंगुर्ला, आणि खाडीत सगळ्यांनी कयाक चालवायची. ऐकून मन भरून आलं. मुलांना समुद्र दाखवायला तू एवढी धडपडतेस, ह्याहून चांगलं काय? पण तू घाईत होतीस आणि मला सांगायचं होतं ते राहून गेलं. म्हणून हे पत्र. गाडीच्या खणात ठेव. वाटेत एकदा सगळ्यांना वाचून दाखव.

लहानपणी सुट्टीला इथं यायचीस, तेव्हा नळाला पाणी यायचा दिवस कसा असायचा ते आठवतं ना? आजी पहाटे उठवायची. पिंप, घागरी, कळश्या ओळीनं मांडलेल्या असायच्या. त्या दिवशी कुणी मंडईत जात नसे, कुणी पाहुण्याला बोलवत नसे. पाण्याची वेळ आपल्यासाठी बदलणार नाही, आपणच तिच्याप्रमाणे दिवस लावायचा, हे तुला कुणी शिकवावं लागलं नाही. औरंगपुऱ्यातल्या घरानं ते शिकवलं. समुद्रावर जाताना तू हीच शिदोरी घेऊन जा. तिथं पाणी अथांग आहे, पण त्याचीही वेळ आहे. आणि त्या वेळेवर माणसांपेक्षा कितीतरी जास्त जीव जगतात.

आधी भरती-ओहोटी समजून घे. साधारण सहा तास पाणी चढतं, सहा तास उतरतं, आणि रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते. म्हणून कोकणात जुनी माणसं तिथीला पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती पूर्ण. अष्टमीला सहाच्या सुमाराला. शाळेत घोकलेली पाऊणकी तिथं अशी कामाला येते. मुलांना हा हिशेब करायला लाव, त्यांना फार आवडेल. पण तो अंदाजच. नेमकी वेळ गावागणिक पुढेमागे होते, म्हणून पाण्यात उतरण्याआधी तिथल्या होडीवाल्याला विचारायचंच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि जोरात ओढतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा ओढ कमी. नवख्यांनी आणि मुलांनी भांगाचे दिवस धरावेत.

खाडीत शिरायचं ते भरतीच्या शेवटच्या तासात, चढत्या पाण्याबरोबर. पाणी थबकलं की वळायचं आणि ओहोटी नुकती लागली असतानाच परतायचं. उशीर केला तर काय होतं, ते मी भोगलं आहे. तुझे बाबा आणि मी कॉलेजात असताना एका खाडीत छोटी होडी घेऊन गेलो होतो. होडीवाल्यानं वेळ सांगितली होती, आम्ही ऐकली नाही. पाणी उतरलं आणि होडी चिखलात बसली. तुझे बाबा ढकलायला म्हणून उतरले ते मांडीपर्यंत रुतले. त्यांना वर ओढताना माझे हात सोलून निघाले, आणि पुढची भरती येईपर्यंत आम्ही उन्हात बसून राहिलो. तो चिखल वरून घट्ट दिसतो. कयाक रुतली तर कुणीही खाली उतरायचं नाही, पाण्याची वाट पाहायची.

आता वारा. खारे वारे आणि मतलई वारे तू भूगोलाच्या पुस्तकात वाचले आहेस. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तेव्हा पाणी आरशासारखं असतं, आणि त्यातच धोका आहे, कारण हलकी कयाक नकळत बाहेर सरकत जाते. दुपारी खारा वारा उठतो आणि लाटा चढतात. म्हणून सकाळी लवकर जा, खाडीच्या आतच राहा आणि दुपार चढायच्या आत परत ये. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या संगमाच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी कयाक नेऊ नकोस. नदीचं पाणी आणि उतरतं पाणी मिळून जी ओढ लागते, ती चांगल्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं हवं, मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवा. जॅकेट घातल्यावर खांद्यांना धरून वर उचलून बघ. ते हनुवटीच्या वर सरकलं तर ते त्या मुलाचं नव्हे. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. कुठं चाललो आणि किती वाजता परतणार, हे किनाऱ्यावर एकाला सांगून जायचं. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि नेहमीचा ११२ हे दोन्ही सगळ्यांच्या फोनमध्ये असू देत. ज्यानं दारू घेतली, तो त्या दिवशी पाण्यात उतरणार नाही. मित्र रुसले तरी चालतील.

हे झालं आपल्या जिवाचं. आता दुसऱ्यांच्या जिवाचं सांगते, आणि त्यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसले.

तू आठ-नऊ वर्षांची असताना मी तुला पैठणला नाथसागरावर नेलं होतं. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा चरत होता. तू म्हणालीस, आत्या, हे उडताना कसे दिसतात? आणि मी, शाळेत निसर्ग शिकवणारी बाई, तुला म्हणाले, टाळ्या वाजव. तू वाजवल्यास. सगळा थवा पाण्यावर धावत धावत उठला, पंखांखालचा लाल रंग आकाशभर झाला. तू नाचलीस. मीही खूष झाले. पण थवा परत बसला नाही. आपण तासभर थांबलो, पाणी रिकामं राहिलं. जवळच एक म्हातारे मासेमार जाळं आवरत होते. ते एवढंच म्हणाले, "बाई, त्यांचं जेवण उठवलंत." ते वाक्य मला अजून बोचतं. त्या दिवशी मी तुला चुकीचं शिकवलं. आज ते दुरुस्त करते.

तू जिथं कयाक घालणार आहेस, ते ह्या जिवांचं घर आहे आणि जेवणाचं ताटही. कांदळाची झाडं कमानीसारख्या मुळांवर उभी असतात. तिवर आणि चिप्पीची मुळं चिखलातून बोटांसारखी वर येतात आणि हवा घेतात. पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष, २०२० साली तसं ठरलं. ह्या मुळांच्या जाळ्यात कोळंबी वाढते, चिंबोऱ्या लपतात, माशांची पिल्लं मोठी होतात, निवट्या चिखलावर उड्या मारतात. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांची चूल ह्याच चिखलावर पेटते. हिवाळ्यात तुतवार, चिखल्ये आणि कुरल दूर उत्तरेकडून येतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते खातात, आणि भरतीला उरलेल्या चिमूटभर कोरड्या जागेवर दाटीनं बसून विसावा घेतात. तुझी कयाक भरतीलाच आत जाणार, म्हणजे नेमकी त्यांच्या विसाव्याच्या वेळी. तिथून उठवलं तर त्यांना जायला दुसरी जागा नसते.

आणि हे लक्षात ठेव: कयाकला इंजिन नाही म्हणून ती निरुपद्रवी, असं नसतं. मोटरची होडी लांबूनच ऐकू येते, पक्ष्याला सावध व्हायला वेळ मिळतो. कयाक वळणावरून अचानक समोर येते आणि जिथं होडी जाऊ शकत नाही अशा अरुंद चिंचोळ्या पाण्यातही शिरते. त्यामुळे अंतर राखायची जबाबदारी तुझ्यावर जास्त. किती अंतर, ते मीटरमध्ये मोजू नकोस. पक्ष्याकडे बघ. तो खात असेल, पिसं साफ करत असेल, डुलक्या घेत असेल तर ठीक. मान वर झाली की वल्हं थांबव. तिथूनच बघ, आणि मग हळूच मागे फिर. उडाला, तर आपण फार जवळ गेलो. मुलांना एवढी एकच खूण शिकव. नदीच्या तोंडाशी डॉल्फिन दिसतील, पाणमांजरं दिसली तर तुझं भाग्य, उंच झाडावर समुद्री गरुडाचं घरटं दिसेल. सगळीकडे हीच खूण चालते. डॉल्फिनमागे धावायचं नाही. वल्हं आडवं ठेवून स्वस्थ बसायचं, यायचं असेल तर ते येतील. गरुडाच्या घरट्यावर कुणी ड्रोन उडवू लागला, तर तू त्याला थांबव.

रात्रीचं वेगळं सांगते. डिसेंबर म्हणजे कोकणात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येण्याचे दिवस. मादी अंधारात वाळूवर चढते, शंभराच्या आसपास अंडी पुरते आणि परत जाते. बॅटरीचा झोत किंवा माणसांचा घोळका दिसला की अंडी न घालताच मागे वळते. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात ती क्षितिजावरच्या उजेडाकडे धावतात. किनाऱ्यावर दिवे असले, तर समुद्र सोडून दिव्यांकडे. म्हणून किनाऱ्याच्या बाजूचे गाडीचे दिवे आणि रंगीत दिव्यांच्या माळा बंद. उरलेलं अन्न उघड्यावर टाकायचं नाही, कारण त्यावर कुत्री आणि कोल्हे येतात आणि मग तेच नाक लावून अंडी उकरतात. गाडी वाळूवर घालायची नाही. तुझ्या चाकाखाली काय पुरलेलं आहे ते तुला दिसत नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांच्या मदतीनं ही अंडी राखायला सुरुवात केली. २०२३ साली गुहागरला पाठीवर उपग्रहयंत्र बसवलेली बागेश्री नावाची मादी कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंकेकडे आणि पुढे बंगालच्या उपसागरापर्यंत गेली. एवढा प्रवास करणाऱ्या जिवाला वाळूवरचा एक तास निवांत मिळावा, एवढीच अपेक्षा आहे.

कॅराव्हॅनचं एक बरं आहे. तिच्यातली टाकी तुला पुन्हा आजीच्या पिंपाची आठवण करून देईल. तांब्यानं मोजून पाणी वापरायची सवय आपल्या घरात आहे, ती मित्रांना लाव. पण वापरलेलं पाणी आणि शौचालयाची टाकी खाडीच्या काठी किंवा ओढ्यात मोकळी करायची नाही, कितीही लांब जावं लागलं तरी सोय असलेल्या जागीच. राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण केलं आहे. तेव्हा मुक्काम परवानगीच्या जागीच कर, आणि गावाजवळ थांबायचं तर आधी गावाला विचार. फोंडा घाटानं उतरणार असाल तर राधानगरी-दाजीपूरचं जंगल दिवसाउजेडी पार करा. तो गव्यांचा मुलूख आहे, आणि एवढी मोठी गाडी अंधारात अचानक थांबत नाही.

मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाभोवती १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. ज्या किल्ल्याची उभारणी शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरू केली, त्याच्या पायाशी प्रवाळ आहे. मुलांना किल्ला दाखवताना हेही सांग. आणि कोळी-गाबित मच्छीमारांशी आदरानं वाग. रापणीचं जाळं ओढणं चाललेलं असेल तर जाळ्याच्या वेढ्यात कयाक घालू नकोस, हवं तर दोराला हात लाव. जाळ्यात सापडलेलं कासव किंवा देवमासा सोडवायला हे लोक स्वतःचं जाळं कापतात. २०१८ मध्ये सरकारनं त्यासाठी पंचवीस हजारांपर्यंत भरपाईची योजना आणली, पण कापण्याचा निर्णय भर समुद्रात, तोट्याची जोखीम घेऊन, त्यांनाच करावा लागतो. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका वल्हवत्या होडीतून कांदळवन दाखवतात. स्वतः कयाक घालण्याआधी एक दिवस त्यांच्याबरोबर जा. वळण, चिखल, घरटी, सगळं त्यांना ठाऊक आहे, आणि तुझे पैसेही त्या खाडीच्या राखणदारांकडे जातील.

शेवटचं, आणि तुझ्यासाठीच. तीन कुटुंबं एकत्र असली की कुणीतरी म्हणेल, अजून थोडं पुढे जाऊ. कुणी म्हणेल, एवढ्या लांबून आलो, फोटो तरी जवळून घेऊ. तेव्हा "नाही" म्हणणारं माणूस तू हो. वारा उठला, पाणी उतरू लागलं, पक्ष्यानं मान वर केली, ह्यातलं काहीही झालं की परत फिर. बेत अर्धा राहिला तरी चालेल. आणि हा निर्णय मुलांच्या समोर घे, कारण समजूतदार मोठं माणूस कसं मागे फिरतं, हे त्यांना एकदा बघू दे. मी नाथसागरावर तुला ते दाखवू शकले नाही.

जावईबापूंना नमस्कार, मुलांना गोड पापा. परत आलात की एक दिवस इकडे या, आपण सगळे पैठणला जाऊ. रोहित आले असले तर काठावर शांत बसून त्यांचं जेवण होईपर्यंत बघू.

तुझी,
आत्या