सहल रेसची, बेत कॅसिनोचा

चि. निखिल यास,


ऑफिसातल्या चौदा जणांना घेऊन फेब्रुवारीत एकाच दिवसात दोन्ही उरकायचा तुझा बेत आहे, असं तुझ्या आईकडून कळलं. दुपारी महालक्ष्मीला डर्बी, संध्याकाळचं विमान, रात्री पणजीत मांडवीवरचा कॅसिनो. ऐकल्यापासून तिने देव पाण्यात ठेवलेत. तेवढी गरज नाही. पण चौदा जणांचा म्होरक्या झालायस, तर या दोन जागा एकसारख्या नाहीत हे म्होरक्याला ठाऊक हवं.

महाराष्ट्रात रेसकोर्स आहेत, कॅसिनो नाही. गोव्यात कॅसिनो आहेत, रेसकोर्स नाही. म्हणून तर विमान. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही. ४७ वर्षं कपाटात पडून राहिला आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याचा जुगाराचा कायदाही १९७६ चाच. त्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतल्या जुगाराच्या यंत्रांना आणि १९९६ च्या दुरुस्तीने बोटींवरच्या पत्त्यांच्या आणि चाकाच्या टेबलांना वाट मिळाली. २०२० मध्ये मात्र गोवा सरकारने गोवेकरांनाच कॅसिनोत खेळायला मनाई केली. घरच्यांना बंद आणि पाहुण्यांना उघडं असं हे दार आहे, यावरून पाहुण्याने काय ते ओळखावं. शिवाय २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. तुझ्या गटात नुकती लागलेली इंटर्न मुलं असतील, तर त्यांचं वय आधी बघ.

आता रेस. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ चं. त्याआधी मुंबईत घोडे भायखळ्याला पळत. इंडियन डर्बी १९४३ पासून चालू आहे. चार वर्षांच्या घोड्यांची आणि घोडींची ही शर्यत २,४०० मीटरची असते आणि जेमतेम अडीच मिनिटांत संपते. त्या अडीच मिनिटांसाठी माणसं ठेवणीतले सूट, साड्या आणि हॅट घालून येतात. ते पाहणंही मजेचंच. गटातल्या मंडळींना थेट तिकिटाच्या खिडकीवर नेऊ नकोस, आधी पॅडॉकवर ने. शर्यतीआधी घोडे तिथे फिरवतात. कातडी तुकतुकीत आहे का, घोडा उभ्या उभ्या घामाघूम झालाय का, जॉकी बसल्यावर शांत होतो की बिथरतो, हे सगळं तिथे दिसतं. रेसचं पुस्तक हातात असलं, तर मागच्या शर्यतींत तो किती अंतर पळाला, कितवा आला, पाठीवर किती वजन होतं, तेही वाचता येतं.

त्या वजनाचं गणित मुद्दाम समजून घे. डर्बी सोडून त्या दिवशीच्या बऱ्याच शर्यती हँडिकॅपच्या असतात. जो घोडा जास्त चांगला, त्याच्यावर जास्त वजन चढवतात. जॉकी हलका असेल, तर खोगिराबरोबर शिसं घालून ते भरून काढतात. सगळे घोडे शेवटच्या खांबाशी एका रेषेत यावेत, हे हँडिकॅपरचं स्वप्न. तेव्हा खात्रीची टिप म्हणून कुणी कानाशी लागला, तर त्याने खुद्द हँडिकॅपरला हरवलेलं असायला हवं. स्क्वाँडरर हा आपल्याकडच्या सर्वांत नामांकित घोड्यांपैकी एक. तो १९ शर्यती धावला, १८ जिंकला. त्या एकोणिसाव्यालाही लोकांनी पैसे लावले असणारच.

टोटचा, म्हणजे तिकिटाच्या खिडकीवर लावलेल्या पैजेचा, हिशोबही साधा आहे. सगळ्यांचे पैसे एका पुलात जातात, त्यातून कर आणि रेस भरवणाऱ्या क्लबचा वाटा निघतो, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. म्हणजे पैज क्लबशी नसते, शेजारी उभ्या असलेल्या हजारो माणसांशी असते. सगळ्यांचा लाडका घोडा आला, की वाटणी पातळ होते. तुझ्या गटाने विन (घोडा पहिला येईल) किंवा प्लेस (पहिल्या काहींत येईल) खेळावं आणि तेवढ्यावर थांबावं. टनालात पहिले तीन घोडे क्रमाने सांगावे लागतात; जॅकपॉटला सलग शर्यतींतले विजेते लागतात. नवख्याने त्या फंदात पडूच नये.

घोड्यांत पैसा नाहीच असं नाही, पण तो बहुतेकदा पैजेच्या बाजूला नसतो. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म १९४६ चा. तिथले रेसमधून निवृत्त झालेले घोडे सीरमसाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात. तेच काम आपण का करू नये, या विचारातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. डर्बीच्या दिवशी ही गोष्ट गटाला जरूर सांग. तिकिटं फाडून बसलेल्यांना तेवढाच दिलासा.

सर्वोच्च न्यायालयाने के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात १९९६ साली सांगितलं, की घोड्यांच्या शर्यतीवरची पैज मुख्यतः कौशल्याची आहे, जुगाराची नाही. रेसवाले हा निकाल अभिमानाने सांगतात. पण जीएसटी परिषदेने असा भेद ठेवलेला नाही. सप्टेंबर २०२५ पासून रेसची पैज आणि कॅसिनो दोन्ही ४० टक्क्यांच्या रांगेत बसले. रेसमध्ये हा कर पैजेच्या पूर्ण रकमेवर आहे, कॅसिनोत चिप्ससाठी मोजलेल्या रकमेवर. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर वेगळा, आणि त्यातून हरलेले पैसे वजा करता येत नाहीत. दिवसभरात कुणी एका पैजेत ४०,००० जिंकला आणि बाकीच्यांत ४५,००० घालवले, तर घरी येताना तो ५,००० च्या तोट्यात असतो, पण सरकारच्या हिशोबात ४०,००० कमावलेला. गटाने वर्गणी काढून तिकीट घेतलं आणि मोठी रक्कम लागली, तर कर ज्याचं पॅन कार्ड पुढे केलं त्याच्या नावावर कापला जाणार. मग बाकी तेरा जण त्याच्याकडे वाटा मागणार. हे भांडण पुढे सहा महिने कँटीनमध्ये चालतं.

कॅसिनोबद्दल थोडक्यात, कारण तिथे पाहण्यासारखं थोडंच आहे. एक शून्य असलेल्या रूलेच्या चाकात ३७ घरं असतात आणि अचूक घराला ३५ पट पैसे मिळतात. प्रत्येक घरावर शंभर-शंभर ठेवले, तर ३,७०० जातात आणि लावलेले शंभर धरून ३,६०० परत येतात. दोन शून्यांच्या चाकात ३,८०० जातात आणि तेवढेच ३,६०० येतात. कुणी कसंही खेळो, हिशोब हाच. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोत चेंडू लागोपाठ २६ वेळा काळ्यावर पडला. आता तरी लाल येईल, म्हणून लोक लालवर वाढत्या रकमा लावत गेले आणि बुडाले. चाकाला मागचं काही आठवत नाही. पॅडॉकमधल्या घोड्याकडे पाहून निदान चार गोष्टी कळतात, चाकाकडे पाहून एकही नाही.

त्याहून मोठा फरक वेगाचा. रेसकोर्सवर दोन शर्यतींमध्ये साधारण अर्धा तास जातो. त्या वेळात माणूस चहा पितो, पुस्तक चाळतो, खिसा चाचपतो. दुपारभर खेळूनही सात-आठ पैजा होतात. चाक दर मिनिट-दोन मिनिटांनी फिरतं, आणि पत्त्यांचा अंदर-बाहर त्याहून भराभर संपतो. प्रवेशाच्या पैशांत मिळणाऱ्या काही चिप्स एकदाच खेळायच्या असतात, त्यांची रोकड होत नाही. जेवण आणि गाणी त्याच पैशांत धरलेली. फुकट वाटणारं हे सगळं माणसाला टेबलाजवळ जास्त वेळ बसवण्यासाठी असतं.

एकट्या माणसाला हे सगळं सांगून भागलं असतं. तू गट नेतोयस. गटात पंचवीस हजार पगाराचा मुलगा लाख पगाराच्या साहेबाशेजारी उभा राहतो आणि साहेबाने दोन हजार ठेवले, की त्याला निदान पाचशे तरी ठेवावेच लागतात. हरला, की शेजारचा म्हणतो, घे रे माझ्याकडून, सोमवारी दे. मृच्छकटिक नाटकात संवाहक दहा सुवर्ण हरतो, पळ काढतो, आणि अखेर वसंतसेना स्वतःचं कंकण पाठवून त्याचं देणं फेडते. तुमच्या अकाउंट्स विभागात अशी वसंतसेना बसल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून म्होरक्याच्या नात्याने एवढं कर. सहलीच्या वर्गणीत चिप्सचा किंवा पैजेचा एक रुपयाही धरू नकोस. ज्याला खेळायचंय, त्याने स्वतःच्या खिशातून खेळावं. गटात उसनवारी बंद, आणि हे मुंबईतच, सगळ्यांसमोर जाहीर कर. खेळायचे पैसे आधी वेगळे काढलेले असावेत. कार्ड हॉटेलच्या खोलीत राहू दे. न खेळणाऱ्यांसाठी पणजीत दुसरी सोय ठेव, म्हणजे त्यांना कोपऱ्यात बसून हसं करून घ्यावं लागणार नाही. परतायची वेळ आधीच ठरव, आणि ती पाळायला कुणाला मागे ओढावं लागलं, तर ओढ. परत आल्यावर तोच खेळ मोबाइलवर शोधू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली आहे. गटात कुणाला आधीपासून हा नाद असेल आणि तुला माहीत असेल, तर त्याला गोव्याला नेऊच नकोस. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक अशा माणसासाठीही आहे, तो त्याला गुपचूप दे.

मला विचारशील, तर रेसची दुपार पूर्ण घे आणि विमान सोड. महालक्ष्मीच्या दोनशेहून जास्त एकर जमिनीपैकी १२० एकर सेंट्रल पार्कसाठी महापालिकेकडे गेली आहे. आज दिसतं तसं ते मोकळं मैदान तुमच्यातल्या कित्येकांनी अजून पाहिलेलंही नसेल. तरी गोवा हवाच असेल, तर विमानाची तिकिटं काढण्याआधी चौदाही जणांना विचार, पण एकेकट्याला गाठून विचार. सगळ्यांसमोर विचारलंस, तर नाही म्हणायचं असलेलेही हो म्हणतील.

तुझा,
मामा