फुलाचे प्रतीक आणि शब्दावाचूनचे कथन : 'फ्लॉवर' या व्हिडिओ गेमचा एक अभ्यास

प्रतीक ही संकल्पना शिकवताना पदव्युत्तर वर्गात एक अडचण वारंवार जाणवते. विद्यार्थी प्रतीकाकडे कोशातील नोंदीप्रमाणे पाहतो. कमळ म्हणजे निर्लेपता, गुलाब म्हणजे प्रेम, निर्माल्य म्हणजे सरलेले वैभव, अशी समीकरणे त्याच्यापाशी तयार असतात. संहितेत फूल दिसले की त्यांतील एखादे तिथे लावून तो मोकळा होतो. आपली अध्यापनपद्धतीही पुष्कळदा या सवयीला खतपाणी घालते. परिणामी, प्रतीकाचा अर्थ संहितेबाहेरून आणला जातो की संहितेच्या आत, अनुभवाच्या क्रमात तो घडत जातो, हा मूळ प्रश्न बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार साहित्याबाहेरील एका कृतीच्या आधारे करावयाचा आहे. ही कृती म्हणजे 'फ्लॉवर' हा व्हिडिओ गेम होय. तिची निवड करण्याचे कारण असे की, तिच्यात फूल केंद्रस्थानी आहे आणि कथनासाठी शब्दांचा आधार मुळीच घेतलेला नाही. शब्द नसल्यामुळे प्रतीक घडण्याची प्रक्रिया तिच्यात विशेष स्वच्छपणे पाहता येते.

१. कृतीचे स्वरूप

'फ्लॉवर' हा खेळ थॅटगेमकंपनी या अमेरिकेतील लहानशा संस्थेने तयार केला व तो २००९ मध्ये प्लेस्टेशन ३ या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. जेनोव्हा चेन आणि निकोलस क्लार्क हे त्याचे रचनाकार, तर संगीत व्हिन्सेंट डायमँटे यांचे आहे. चेन यांचे बालपण शांघायसारख्या महानगरात गेले. शिक्षणासाठी ते कॅलिफोर्नियात आले आणि तेथील विस्तीर्ण गवताळ माळरानांच्या दर्शनातून या खेळाची कल्पना त्यांना सुचली. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमने २०१२ मध्ये व्हिडिओ गेमच्या कलेविषयी प्रदर्शन भरविले, त्यात 'फ्लॉवर'चा समावेश होता. पुढे २०१३ मध्ये या संग्रहालयाने तो आपल्या कायम संग्रहात दाखल केला.

खेळाची मांडणी साधी आहे. शहरातील एका खोलीच्या खिडकीत कुंडीतले फूल आहे. खिडकीबाहेर करडे, घाईचे शहर आहे. त्या फुलाला स्वप्न पडते आणि खेळाडू त्या स्वप्नात प्रवेश करतो. अशी सहा मुख्य स्वप्ने आहेत. खेळाडू स्वप्नात वारा होतो. हातातील कंट्रोलर ज्या दिशेला कलवावा त्या दिशेला वारा वळतो आणि आपल्यासोबत एक पाकळी वाहून नेतो. ही पाकळी एखाद्या कळीला स्पर्शून गेली की कळी उमलते, तिची एक पाकळी सुटते आणि वाऱ्यात सामील होते. विशिष्ट जागेतील सर्व फुले उमलली की परिसर पालटतो. वाळलेले गवत हिरवे होते, थांबलेल्या पवनचक्क्या फिरू लागतात, रात्रीच्या माळावर दिवे लागतात. खेळात शत्रू नाहीत, गुण नाहीत, वेळेची मर्यादा नाही. संवाद व निवेदनही नाही.

२. उद्दीपनाचे आलंबन होणे

भरताच्या रसविचारात विभाव हा रसनिष्पत्तीचा हेतू होय. उत्तरकालीन शास्त्रकारांनी त्याचे आलंबन व उद्दीपन असे दोन भेद स्पष्ट केले. ज्याला अनुलक्षून भाव जागा होतो ते आलंबन आणि जागलेला भाव ज्यामुळे वाढीस लागतो ते उद्दीपन. या विभागणीत चांदणे, उपवन, मंद वारा आणि फुले यांची जागा ठरलेली आहे. ती उद्दीपने आहेत. नायक-नायिका असतील तरच त्यांना प्रयोजन लाभते.

'फ्लॉवर'मध्ये ही व्यवस्था उलटी झालेली दिसते. येथे नायक नाही, नायिका नाही, मनुष्याची एकही आकृती भावाचा विषय होत नाही. परंपरेने पार्श्वभूमीवर ठेवलेले फूल येथे आलंबन झाले आहे आणि वाऱ्याची भूमिका स्वतः रसिकाकडे आली आहे. ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची मानावी लागेल. काव्य वाचणारा सहृदय फुलाकडे पाहतो. येथील खेळाडू फुलाला उमलवतो. त्याची कृती थांबली तर कथन पुढे सरकत नाही. म्हणून फुलाशी त्याचे नाते पाहणाऱ्याचे उरत नाही; त्यात उत्तरदायित्वाचा एक अंश मिसळतो.

३. पाकळ्यांची माळ : दिसणारा काळ

लेसिंगने 'लाओकोऑन' या १७६६ मधील ग्रंथात चित्र ही अवकाशाची आणि काव्य ही काळाची कला असे वर्गीकरण मांडले. चित्रात वस्तू एकमेकींशेजारी असतात, काव्यात घटना एकामागून एक येतात. केवळ दृश्यांनी कथा सांगू पाहणाऱ्या कृतीपुढे त्यामुळे एक पेच उभा राहतो. 'यापूर्वी असे घडले' हे शब्दावाचून कसे सांगावे?

या पेचाचे उत्तर 'फ्लॉवर'मध्ये पाकळ्यांच्या माळेत सापडते. आरंभी वाऱ्यासोबत एकच पाकळी असते. प्रत्येक उमललेल्या फुलाची एकेक पाकळी मिळत जाऊन तिची लांब, रंगीत माळ होते. पिवळ्या फुलाची पाकळी पिवळी, तांबड्या फुलाची तांबडी. कोणत्याही क्षणी ही माळ पाहिली असता आतापर्यंत काय घडले याची नोंद तिच्यात दिसते. भूतकाळ येथे सांगितला जात नाही, तो वर्तमानाच्या मागे तरंगत असतो. संगीताची योजनाही याला पूरक आहे. प्रत्येक फूल उमलताना एक स्वर उमटतो आणि तो चालू असलेल्या संगीतात मिसळून जातो.

माळेतील पाकळ्यांना कोशगत अर्थ नाही. पिवळी पाकळी आनंदाची आणि तांबडी अनुरागाची अशी सूचना कृतीत कोठेही नाही. तरीही खेळाडूच्या लेखी या पाकळ्या अर्थशून्य राहत नाहीत. त्या त्याने वेचलेल्या असतात. पुनरावृत्तीने आणि श्रमाने त्यांना मोल चढत जाते. प्रतीकाच्या घडणीतील ही पहिली पायरी होय.

४. पाचवे स्वप्न : अर्थाची परीक्षा

पहिली चार स्वप्ने प्राधान्याने उल्हासाची आहेत. पाचव्यात मात्र वातावरण पार बदलते. आकाश काळवंडलेले, पाऊस, वाकलेले व मोडलेले विजेचे मनोरे, त्यांतून उडणाऱ्या ठिणग्या. या पोलादाला स्पर्श झाला की धक्का बसतो आणि पाकळ्या होरपळतात.

खेळाच्या नियमांच्या दृष्टीने पाहिले तर यात खेळाडूचे फारसे बिघडत नाही. खेळ संपत नाही, पराभव जाहीर होत नाही. तरीही त्याचा हात आखडतो, तो सावधपणे मनोऱ्यांमधून वाट काढू लागतो. हे भय कोठून आले? शिक्षा नसताना उत्पन्न झालेले भय हे मागील चार स्वप्नांत साठलेल्या ममत्वाचे प्रमाण आहे. जळते ती पाकळी एखाद्या बागेतली कोणतीही पाकळी नसते, आपल्यासोबत येथवर आलेली असते.

आनंदवर्धनाच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे वाच्यार्थ पाकळी जळण्याचा आहे आणि ध्वनित होणारा अर्थ जपलेले काही गमावण्याचा. मात्र हा ध्वनी पाचव्या स्वप्नात एकाएकी उत्पन्न झालेला नाही. पहिली चार स्वप्ने वगळून कोणी थेट पाचवे पाहिले, तर त्याला एक झाकोळलेले दृश्य दिसेल, भय जाणवणार नाही. प्रतीकाचा अर्थ क्रमावर अवलंबून असतो, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दाखविता येईल.

५. 'निसर्ग विरुद्ध शहर' या वाचनाची मर्यादा

फूल म्हणजे निसर्ग, पोलाद म्हणजे शहर आणि दोहोंतील संघर्ष हा आशय, असे वाचन येथे सहज सुचते. सहाव्या स्वप्नात तेजाळलेल्या पाकळ्या शहरात शिरतात, वाटेतील लोखंडी तुळया फोडतात आणि करड्या इमारतींना रंग देतात. यावरून वरील वाचनाला दुजोरा मिळाल्यासारखा वाटतो.

परंतु कृतीतील इतर तपशील या वाचनाला पुरेसे जुमानत नाहीत. पवनचक्की मानवनिर्मित आहे आणि फुले उमलल्यावर ती फिरते. माळावरचे दिवेही मानवनिर्मित आहेत आणि ते पाकळ्यांच्या जाण्यानेच उजळतात. सहाव्या स्वप्नात इमारती जमीनदोस्त होत नाहीत, त्या रंगीत होतात. शिवाय स्वप्न पाहणारे फूल रानातले नाही. ते कुंडीतले, म्हणजे शहराने आपल्या खिडकीत जपलेले फूल आहे. तेव्हा या फुलाला शहराचा शत्रू म्हणणे बरोबर होणार नाही. मनुष्याची निर्मिती आणि वाढणारे जीवन यांच्या सामंजस्याची आस, असा त्याचा अर्थ कृतीच्या तपशिलांतून निष्पन्न होतो. कोशातील समीकरण लावून वाचणाऱ्याच्या हातून नेमका हाच अर्थ निसटतो.

६. मर्यादा आणि निष्कर्ष

या कथनपद्धतीच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. दृश्याला होकार सहज देता येतो, नकार आणि उपरोध व्यक्त करणे त्याला जड जाते. मनोरे कोणी उभारले, कोणाच्या गरजेसाठी, ते मोडके का राहिले, हे प्रश्न कृतीत उपस्थितच होत नाहीत. त्यामुळे सहाव्या स्वप्नातील सामंजस्य काहीसे विनासायास लाभल्यासारखे वाटते. खिडकीबाहेरचे शहर उजळते खरे, पण त्या शहरातील माणसाचे काय झाले हे सांगण्यासाठी शब्दच लागले असते. साहित्याचे क्षेत्र येथून सुरू होते.

तथापि, प्रतीकविचाराच्या दृष्टीने या कृतीपासून एक गोष्ट निश्चित हाती लागते. प्रतीक पुनरावृत्तीतून साकारते, क्रमातून त्याला मोल येते आणि हानीच्या प्रसंगी त्याच्या अर्थाची परीक्षा होते. कविता वा कादंबरी शिकवताना 'हे फूल कशाचे प्रतीक आहे?' असे विचारण्याआधी आपण विद्यार्थ्याला तीन साधे प्रश्न विचारू शकतो. हे फूल संहितेत प्रथम कोठे आले? त्यानंतर ते कोणकोणत्या अवस्थांत पुन्हा आले? आणि ते कोमेजले वा तुटले तेव्हा आपल्याला काय वाटले? या प्रश्नांची उत्तरे संहितेतच शोधावी लागतात. ती सापडली की मूळ प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी विद्यार्थ्याला कोशाकडे धाव घ्यावी लागणार नाही.