पृथ्वीची घडण आणि विहिरीचे पाणी

शेतकऱ्याचा पृथ्वीशी संबंध नांगराच्या फाळाइतका, फार तर विहिरीच्या तळाइतका खोल जातो. त्याखाली काय आहे याचा विचार करण्याचा प्रसंग सहसा येत नाही. परंतु पीक ज्या मातीत उभे राहते ती माती आणि विहिरीस लागणारे पाणी ही दोन्ही पृथ्वीच्या घडणीवरच अवलंबून आहेत. बांधाच्या अलीकडील विहिरीस पाणी लागते आणि पलीकडील विहीर कोरडी जाते, तेव्हा त्याचे कारण नशिबात नसून खडकात असते. विहिरीसाठी कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याने आणि त्यास सल्ला देणाऱ्या ग्रामसेवकाने ही घडण समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

पृथ्वीचे अंतरंग

पृथ्वी जवळजवळ गोल असून ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. तिची सरासरी त्रिज्या 6,371 किलोमीटर असून वय सुमारे 454 कोटी वर्षे आहे. आंब्यास जशी साल, गर आणि कोय असते, तसे पृथ्वीचे तीन मुख्य भाग आहेत. सर्वांत वर कवच, त्याखाली प्रावरण आणि मध्यभागी गाभा.

कवच हे सालीप्रमाणेच पातळ आहे. जमिनीच्या भागात त्याची जाडी साधारणपणे 30 ते 40 किलोमीटर, तर महासागरांखाली अवघी 6 ते 8 किलोमीटर आहे. त्याखालील प्रावरण सुमारे 2,900 किलोमीटर खोलीपर्यंत पोहोचते. गाभा मुख्यतः लोखंड व निकेल या धातूंचा आहे. त्याचा बाहेरील भाग वितळलेला असून आतील भाग, उष्णता प्रचंड असूनही, दाबामुळे घन राहिला आहे. वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीमुळे पृथ्वीस चुंबकत्व प्राप्त होते आणि होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते.

इतक्या खोलीवर मनुष्य पोहोचलेला नाही. रशियातील कोला येथे घेतलेले जगप्रसिद्ध छिद्र 12,262 मीटर खोल गेले. तरीही ते पृथ्वीच्या त्रिज्येच्या पाचशेव्या हिश्शाइतकेही भरत नाही. अंतरंगाची माहिती मिळाली ती भूकंपाच्या लहरींवरून. निरनिराळ्या पदार्थांतून जाताना या लहरींचा वेग व दिशा बदलते, आणि त्यांतील एक प्रकार द्रवातून जाऊच शकत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात काम केलेल्या रिचर्ड ओल्डहॅम या शास्त्रज्ञाने 1897 च्या आसाम भूकंपाचा अभ्यास केला आणि 1906 मध्ये पृथ्वीस गाभा असल्याचे लहरींच्या आधारे दाखवून दिले.

कवचातील द्रव्ये आणि पिकाचे अन्न

कवचाच्या वजनापैकी सुमारे 46 टक्के प्राणवायू असून तो इतर द्रव्यांशी संयोग पावून खडकात बद्ध आहे. सिलिकॉन सुमारे 28 टक्के, ॲल्युमिनियम 8 टक्के व लोह 5 टक्के आहे. त्याखालोखाल कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांचा क्रम लागतो.

या यादीत नत्र नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. खडक झिजून मातीस लोह, चुना व पालाश मिळू शकते. नत्र मात्र खडकातून जवळजवळ मिळत नाही. त्याचा साठा हवेत आहे. हवेचा 78 टक्के भाग नत्रच आहे, परंतु पिकास तो तसाच घेता येत नाही. तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू तो पिकास उपलब्ध करून देतात. फेरपालटात कडधान्य घेण्याच्या जुन्या रिवाजास असा आधार आहे.

महाराष्ट्राचा काळा पाषाण

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीस मोठमोठ्या भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. तो एकदाच आला नाही. एक थर थंड झाल्यावर त्यावर दुसरा, असे थरांवर थर साचत गेले. आज हा पाषाण सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला असून महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग त्याने व्यापला आहे. त्याची जाडी सर्वत्र सारखी नाही. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या छिद्रात तो सुमारे 338 मीटर जाड आढळला, तर कोयना परिसरात ही जाडी 900 मीटरांहून अधिक भरली. पूर्व विदर्भ व सिंधुदुर्गाच्या काही भागांत मात्र याहून पुष्कळ जुने खडक आहेत.

प्रत्येक थर थंड होताना त्याच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. हा सच्छिद्र, तुलनेने मऊ खडक म्हणजे विहीर खोदणाऱ्यांचा ‘मांजऱ्या’. थराचा मधला भाग मात्र घट्ट व कठीण बनला. त्यात भेगा असल्या तरच पाणी शिरते. नसल्यास तो पाण्यास जवळजवळ बंदच असतो. विहिरीचा कड पाहिल्यास माती, मुरूम, मांजऱ्या आणि काळा कातळ असे थर उघड दिसतात.

याच पाषाणाची ऊनपावसाने झीज होऊन काळी माती झाली. कोकणातील अतिवृष्टीत चुना वाहून गेला, लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले आणि जांभा तयार झाला. अशा रीतीने दोन-तीन सेंटिमीटर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. बांध नसलेल्या उताराच्या शेतातून ती काही पावसाळ्यांत वाहून जाऊ शकते.

विहिरीचा जमाखर्च

जमिनीखाली पाण्याचे तळे किंवा वाहती नदी असते, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. आपल्या कातळात पाणी मुरमाच्या फटींत, मांजऱ्याच्या परस्परांशी जोडलेल्या पोकळ्यांत आणि खडकाच्या भेगांत साठते, आणि ही जागा फार थोडी असते. झिजलेल्या काळ्या पाषाणातून उपसता येण्याजोगे पाणी सामान्यतः त्याच्या आकारमानाच्या 1 ते 3 टक्के इतकेच धरतात.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या गावी वर्षास 600 मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील दहावा हिस्सा खाली मुरतो असे समजू. म्हणजे मुरलेले पाणी 60 मिलिमीटर. खडकाची साठवण 2 टक्के धरल्यास एवढ्या पाण्याने विहिरीची पातळी 3 मीटर वर चढते. पातळी इतकी वर आलेली पाहून शेतकऱ्यास पाणी मुबलक वाटते. परंतु पिकास एकदा पाणी द्यावयाचे म्हणजे सुमारे 60 मिलिमीटरच लागते. याचा अर्थ, एका एकरावर वर्षभरात मुरलेले पाणी त्या एकरास एका पाळीपुरतेच असते! विहीर अनेक पाळ्या देते, कारण ती भोवतालच्या अनेक एकरांत मुरलेले पाणी ओढते. शेजाऱ्याने तितक्याच जोराने उपसा केल्यास दोघांच्याही विहिरी माघ-फाल्गुनात तळ गाठतात.

खोल बोअर घेणे हा यावर खात्रीचा उपाय नव्हे. अधिक खोलीवर भेगा सामान्यतः कमी होत जातात. लागलेली भेग पावसाच्या पाण्याशी जोडलेली नसेल, तर साठलेले पाणी संपल्यावर बोअर आटतो आणि कर्ज मात्र उरते.

ग्रामसेवकांनी करावयाचे काम

1. नवी विहीर ठरविण्यापूर्वी आसपासच्या जुन्या विहिरींचे थर काठावरूनच पाहून माती, मुरूम, मांजऱ्या व कातळ यांची जाडी वहीत नोंदवावी. जागेच्या पाहणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचा सल्ला घ्यावा.
2. गावातील चार-पाच विहिरींची पाणीपातळी दर महिन्यास दोरीने मोजून चावडीवरील फळ्यावर लिहावी.
3. पावसाळा संपताच त्या नोंदी ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात आणि पाणी किती पाळ्यांचे आहे हे पाहून रब्बीचे क्षेत्र ठरविण्यास सांगावे.
4. उताराला आडवी पेरणी, बांधबंदिस्ती व नालाबांध यांचा प्रचार करावा. यांमुळे माती जागेवर राहते आणि मुरणारा हिस्सा वाढतो.

पृथ्वीची त्रिज्या हजारो किलोमीटरांची असली, तरी शेतकऱ्याच्या वाट्यास तिची वरची काही हात माती आणि काही पुरुष भिजलेला मुरूम एवढेच येते. त्याची मोजदाद करून पेरणी करणाऱ्याचे उभे पीक उन्हाळ्याच्या तोंडी पाण्यावाचून वाळून जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.