सेंड करण्याआधी

पोरी, सर्व्हरचं काम तुझ्याकडे आलंय, तर आधी एक पक्कं धर. सेंड यशस्वी झालं म्हणजे समोरच्याला माहिती मिळाली असं नव्हे. ती तुझ्याच मशीनच्या कर्नलमधल्या बफरात उतरली. पत्र पेटीत पडलं, एवढंच. पलीकडच्या प्रोग्रॅमने ती वाचली की नाही, हे त्याचं उत्तर आल्यावरच कळतं. पैशांचा व्यवहार असेल तर उत्तराआधी 'झालं' अशी नोंद करू नकोस.

सेंड किती बाइट घेतले ते सांगतं. तो आकडा वाच. नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर दिलेले सगळे घेतले जातीलच असं नाही. उरलेले तुलाच पुन्हा द्यावे लागतात.

आता उशिराचं, कारण यात भलेभले दिवस घालवतात. जॉन नेगल यांनी 1984 मध्ये मांडलेला नियम आजही बहुतेक टीसीपीत मुळातच चालू असतो. तेव्हा कीबोर्डवरच्या एका अक्षरासाठी 41 बाइटचं पॅकेट जायचं, त्यातले 40 नुसते हेडर. म्हणून नियम असा: आधीच्या मजकुराची पोच आली नसेल तर पुढचा छोटा तुकडा रोखायचा; पोच आली किंवा पॅकेट भरेल इतका मजकूर जमला की सोडायचा. नियम शहाणाच आहे. पण पलीकडचा टीसीपीही पोच लगेच पाठवत नाही. उत्तर निघेल, त्याच्यासोबत जाईल, म्हणून तो जरा थांबतो. लिनक्सवर बहुधा 40 मिलिसेकंद. तू हेडर एकदा लिहिलंस, मजकूर वेगळा लिहिलास आणि उत्तराची वाट बघत बसलीस, की मजकूर पोचेसाठी अडतो, पोच उत्तरासाठी अडते, आणि उत्तर द्यायला तिकडे विनंतीच पुरती आलेली नसते. विनंतीमागे ठरावीक 40 मिलिसेकंद जाताना दिसले, तर नेटवर्कवाल्यांना फोन करण्याआधी आपला कोड उघड.

लोक लगेच हा नियम बंद करणारं टीसीपी नोडिले लावतात. तूही लाव, पण आधी हेडर आणि मजकूर एका बफरात बांध किंवा राइटव्हीने एकदम दे. नाहीतर चिमुकल्या पॅकेटांचा मारा सुरू होतो. गो भाषेत नोडिले आपोआप चालू असतं. तिथे बफर्ड रायटर घे आणि संदेश पुरा झाला की फ्लश न विसरता कर.

एका सेंडचं तिकडे एकच रिसीव्ह होईल हे कधीही गृहीत धरू नकोस. टीसीपी बाइटांचा सलग प्रवाह देतो, संदेशांच्या सीमा नाही. आधी 4 बाइटांत लांबी पाठव, मग मजकूर; आणि आलेली लांबी अवाजवी असेल तर तिथेच नाकार. पलीकडचा सावकाश वाचत असेल तर आपल्या पाठवायच्या रांगेला मर्यादा घाल, नाहीतर मेमरी संपते.

बंद करतानाही घाई नको. आधी शटडाउनने लिहिण्याची बाजू मिट, समोरचा संपवेपर्यंत वाचत राहा, मग क्लोज. न वाचलेले बाइट तसेच ठेवून क्लोज केलंस तर रीसेट जातो, आणि तू पाठवलेलं शेवटचं उत्तरही त्यात बुडू शकतं.